स्लेजिंग, टोबोगन आणि गारा: काही गैरसमज व वस्तुस्थिती

परंड्यापासून उमरग्यापर्यंत धाराशिव जिल्ह्यात कोठेही ‘स्लेजिंग’ हा शब्द उच्चारला, तर ऐकणाऱ्याला क्रिकेट आठवते. फलंदाजाचे चित्त विचलित व्हावे म्हणून क्षेत्ररक्षक त्याला टोमणे मारतात, डिवचतात, प्रसंगी शिवीगाळही करतात, त्या प्रकाराला हे नाव आहे. काश्मीरची सहल करून आलेली मंडळी मात्र गुलमर्गच्या उतारावर माणसांनी ओढलेल्या लाकडी गाडीतून बसून येण्यालाही हाच शब्द वापरतात, आणि त्यामुळे क्रिकेटमधील शब्द बर्फावरील खेळातूनच आला असावा, समोरच्याला ‘घसरवणे’ असा त्याचा मूळ अर्थ असावा, असा समज सहज होतो.

वस्तुस्थिती वेगळी आहे. बर्फावरील ‘स्लेज’ हा शब्द डच भाषेतून इंग्रजीत आला असून त्याच्या मुळाशी घसरण्याचा अर्थ आहे. क्रिकेटमधील शब्दाचा संबंध बहुधा ‘स्लेजहॅमर’शी, म्हणजे लोहाराच्या घणाशी जोडला जातो, आणि घणासाठीचा ‘स्लेज’ हा जुन्या इंग्रजीतील स्वतंत्र शब्द असून त्याच्या मुळाशी आघात करण्याचा अर्थ आहे. ऑस्ट्रेलियाचे माजी कर्णधार इयान चॅपेल यांच्या सांगण्यानुसार, 1960च्या दशकात एका महिलेसमोर अपशब्द काढणाऱ्या खेळाडूचे वागणे घणासारखे बोजड असल्याचे म्हटले गेले आणि तेथून हा प्रयोग रूढ झाला. उच्चार आणि लेखन एकच असले, तरी घसरणारी गाडी आणि घाव घालणारा घण यांचे कूळ एक नाही.

दुसरा गैरसमज असा की, स्लेज, स्लेड, स्ले आणि टोबोगन ही एकाच वस्तूची चार नावे आहेत. ब्रिटनमध्ये ज्याला स्लेज म्हणतात त्याला अमेरिकेत स्लेड म्हणतात, इतका भाग खरा आहे. परंतु ‘स्ले’ ही प्रामुख्याने घोड्यांनी ओढायची, बसायला आसने असलेली गाडी होय. टोबोगन तर रचनेनेच निराळे असते, कारण साध्या स्लेजला खाली दोन धावपट्ट्या असतात, तर पारंपरिक टोबोगनला त्या नसतात. पातळ लाकडी फळ्या जोडून त्यांचे पुढचे टोक वर वळवलेले असते, त्यामुळे वजन रुंद तळावर पसरते आणि गाडी भुसभुशीत हिमात रुतत नाही. हा शब्द कॅनडाच्या पूर्व भागातील आदिवासींच्या, विशेषतः मिकमॅक लोकांच्या भाषेतून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. पुढे त्याचा प्रवास अधिकच विलक्षण झाला. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत ‘टोबोगन’ म्हणजे लोकरीची विणलेली टोपी, कारण हा खेळ खेळताना घालायच्या टोपीच्या नावातील ‘टोपी’ हा शब्दच बोलण्यात गळून गेला. स्पेन आणि फ्रान्समध्ये मात्र याच शब्दाने बागेतील घसरगुंडी ओळखली जाते. तेव्हा एकाच प्रतिशब्दाने हे सगळे अर्थ भागवणे योग्य नाही. बोलणारा कोणत्या प्रदेशातला आहे, हे आधी पाहायला हवे.

अशा गाडीला बर्फ लागतोच, हेही खरे नाही. पोर्तुगालच्या मदैरा बेटावर फुंशाल शहराच्या उतारावरील रस्त्यांवरून वेताच्या विणीच्या, लाकडी धावपट्ट्यांच्या गाड्या एकोणिसाव्या शतकापासून धावतात. प्राचीन इजिप्तमध्ये प्रचंड पुतळे लाकडी स्लेजवरून वाळूतून ओढले जात, आणि जेहुतीहोतेप या तिथल्या अधिकाऱ्याच्या थडग्यातील चित्रात एक माणूस स्लेजच्या पुढे पाणी ओतताना दिसतो. योग्य प्रमाणात ओलावलेल्या वाळूवरून ओढण्यास निम्माच जोर पुरतो, असे अॅम्स्टरडॅम विद्यापीठातील संशोधकांनी 2014 मध्ये दाखवले. रानातील ढेकळे फोडण्यासाठी बैलांमागे जी लाकडी फळी ओढली जाते, आणि वजन पडावे म्हणून शेतकरी जिच्यावर कासरा धरून उभा राहतो, तीही चाकांविना घसरत जाते. फरक इतकाच की तेथे घर्षण टाळायचे नसते, ते हवेच असते.

बर्फाच्याच विषयात राहिला प्रश्न आपल्याकडे पडणाऱ्या गारांचा. 2014च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात भीषण गारपीट झाली, रब्बीची उभी पिके झोडपली गेली आणि रानेच्या राने पांढरी झाली. अशा दृश्याला ‘बर्फवृष्टी’ म्हणणे मात्र चूक आहे. हिमकण ढगातील बाष्पापासून थेट स्फटिकरूपात तयार होतात आणि हलकेच खाली येतात. गार मात्र गडगडाटी ढगातील जोरदार ऊर्ध्वप्रवाहात, शून्याखाली जाऊनही न गोठलेल्या पाण्याचे थेंब तिच्यावर चिकटून गोठत गेल्याने वाढते. म्हणूनच मोठी गार फोडली असता आत कांद्यासारखे थर दिसतात. जमिनीलगत कडक ऊन असतानाही ती पडू शकते, कारण तिला लागणारी थंडी कित्येक किलोमीटर उंचीवर असते.