इंजिनाचा सुस्कारा डब्यात बंद!

तीन हजार आरपीएमवर पळणाऱ्या चार सिलिंडरच्या इंजिनात एका सेकंदात स्फोट किती? चक्क १००! आणि माहीत आहे का, प्रत्येक स्फोटातला थोडासा गॅस पिस्टनच्या कडेने गुपचूप खाली सटकतो?

पिस्टन रिंगच्या तोंडाशी फट असते अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी. पण वर दोन हजार अंशांहून जास्त आग आणि दाब असा, की गॅस वाट काढतोच. खाली ऑइल चेंबरमध्ये, म्हणजे क्रँककेसमध्ये, उतरला की ऑइलचे बारीक थेंब, पाण्याची वाफ, काजळी, न जळलेलं इंधन असा सगळा लवाजमा गोळा करतो. याचं नाव ब्लो-बाय.

हा लवाजमा पुढे जातो कुठे? टॅपेट कव्हरवरच्या ब्रीदर पाईपातून परत इंजिनाच्याच नाकात! त्या वाटेवर मध्येच बसवायचा छोटा डबा म्हणजे ऑइल कॅच कॅन. भंडारा जिल्ह्यातल्या एकोडीतल्या एखाद्या अंगणात, रविवारी सकाळी, साध्या पान्या-पेचकसाने बसेल असं हे काम. पण पाना जरा थांबू द्या, आधी डब्याची कुंडली पाहू.

माहीत आहे का, जुन्या गाड्या हा सुस्कारा सरळ रस्त्यावर सोडायच्या? इंजिनाखाली एक उघडी नळी, बस्स. वारा धूर ओढून न्यायचा आणि ऑइल टपटप रस्त्यावर. प्रत्येक लेनच्या मधोमध काळा पट्टा!

दुसऱ्या महायुद्धात रणगाड्यांना नद्या ओलांडायच्या होत्या. उघड्या नळीतून पाणी आत शिरण्याची भीती. उपाय? नळी बंद करून धूर इंजिनातच परत पाठवा. पीसीव्ही (पॉझिटिव्ह क्रँककेस व्हेंटिलेशन) व्हॉल्व्हची गाडी तिथून सुरू झाली.

आता अननस! हो, अननसच. आरी हागेन-स्मिट हे कॅलिफोर्नियातले डच रसायनशास्त्रज्ञ अननसाच्या स्वादाचा अभ्यास करत होते. वासाचे रेणू पकडण्यात तरबेज असलेल्या या माणसाने लॉस एंजेलिसची हवा तपासली आणि शहरावरच्या धुरक्यामागचा आरोपी शोधला : गाड्यांचा धूर. त्या काळी गाडीतून निसटणाऱ्या हायड्रोकार्बनपैकी सुमारे पाचवा हिस्सा या ब्रीदरच्या वाटेने जायचा. १९६१ मध्ये कॅलिफोर्नियाने पीसीव्ही सक्तीचा केला. अमेरिकेत गाडीवर लादलेलं हे पहिलंच प्रदूषण-नियंत्रण तंत्र.

हवा सुधारली, पण इंजिनाच्या पोटात चिकटा वाढला. त्यातच आलं डायरेक्ट इंजेक्शन. जुन्या पेट्रोल इंजिनात इंधनाचा फवारा इनटेक व्हॉल्व्हवर पडायचा आणि व्हॉल्व्ह आपोआप धुतले जायचे. नव्यात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये. आंघोळ बंद! ऑइलची वाफ गरम व्हॉल्व्हवर बसते, भाजते आणि काळी खपली धरते.

ही खपली कशाने काढतात, माहीत आहे का? अक्रोडाच्या टरफलांनी! टरफलांचा भुगा हवेच्या दाबाने व्हॉल्व्हवर मारतात. खपली निघते, धातूला ओरखडा नाही. टोयोटाने दुसरीच शक्कल लढवली. डी-फोर-एस तंत्रात प्रत्येक सिलिंडरला दोन इंजेक्टर, त्यातला एक बाहेरून फवारणारा. आंघोळ पुन्हा चालू.

डिझेलवाल्यांनो, हसू नका! तुमच्याकडे एक्झॉस्टचा धूर परत इंजिनात आणणाऱ्या ईजीआरमधून काजळी येते, ब्रीदरमधून ऑइल येतं, आणि दोघांचं लग्न इनटेक मॅनिफोल्डमध्ये लागतं. वऱ्हाड काळंकुट्ट. शिवाय डिझेल इंजिन स्वतःच्या ऑइलवरही धावू शकतं. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात एक डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चाललं होतं! टर्बोतून किंवा ब्रीदरमधून ऑइल भरमसाट आत गेलं, तर चावी काढली तरी इंजिन थांबत नाही, उलट सुसाट सुटतं. याला म्हणतात रनअवे.

मग डबा नेमकं करतो काय? भाताच्या पातेल्यावरचं झाकण आठवा. वाफ वर जाते, झाकणाला आपटते, थेंब होऊन खाली पडते. कॅच कॅनमध्ये झाकणाचं काम आतले आडवे पडदे आणि स्टीलची जाळी करतात. थेंब तळाला, हवा पुढे. म्हणून खरेदीचा नियम नंबर वन : आत पडदा-जाळी नसलेला चकचकीत रिकामा डबा घेऊ नका. त्यात धूर इकडून येतो, तिकडून जातो, पैसे मात्र तुमचेच जातात.

चला, उघडा बॉनेट! इंजिन पूर्ण थंड हवं. टॅपेट कव्हरपासून एअर फिल्टरनंतरच्या पाईपाकडे जाणारा ब्रीदर होज शोधा. टर्बो पेट्रोलमध्ये बहुधा दुसरी वाटही असते, थेट मॅनिफोल्डकडे. त्या वाटेवर बूस्टचा दाब उलटा येऊ नये म्हणून चेक व्हॉल्व्ह लागतो. कोणती वाट कुठे जाते हे समजल्याशिवाय क्लिप सोडू नका.

डब्याचा ब्रॅकेट बॉडीला कसा, इंजिनाला नको. इंजिन थरथरतं आणि ब्रॅकेट तडकतो. एक्झॉस्ट आणि टर्बोपासून लांब, पण तळाचा नळ हाताला येईल अशा जागी.

होज म्हणजे बागेला पाणी घालायचा पाईप नव्हे! ऑइलने तो मऊ पडतो, चपटतो आणि धुराची वाट बंद. ऑइल सोसणारा नायट्राइल रबराचा होज घ्या. व्यास मूळ पाईपाइतकाच, बारीक अजिबात नाही. धूर कोंडला तर दाब ऑइल सील फोडून बाहेर येतो, कधी कधी डिपस्टिक वर उचलतो. होजला मध्ये झोळ नको, नाहीतर पाणी तिथेच साठतं. कॅनडाच्या हिवाळ्यात हे पाणी गोठून ब्रीदरच बंद होतो. भंडाऱ्यात तेवढी थंडी नाही, हा आपला बोनस.

इंजिनाचा पाईप ‘इन’ला, पुढचा ‘आउट’ला. उलट जोडलात तर जाळी कामाची राहत नाही. क्लिपा घट्ट, कारण सेन्सरला न मोजता शिरलेली हवा मिश्रण बिघडवते आणि डॅशबोर्डवर चेक इंजिनचा पिवळा दिवा हजर.

आणि आता सगळ्यात मोठी गोष्ट. डब्याचा ‘आउट’ हवेत मोकळा सोडायचा नाही, परत इंजिनातच जोडायचा. भारत स्टेजच्या चाचणीत पेट्रोल गाडीच्या क्रँककेसचा गॅस बाहेर सोडायला परवानगीच नाही. स्वस्तातला वरून फिल्टरची टोपी लावलेला डबा म्हणजे १९६१ च्या आधी परत जाणं. ऑइलचा वास केबिनमध्ये, धूर पोरांच्या नाकात. वॉरंटीतली गाडी असेल तर आधी कंपनीला विचारा. अन् खरं सांगायचं तर पोर्ट इंजेक्शनच्या, म्हणजे व्हॉल्व्हवर फवारणाऱ्या, साध्या हॅचबॅकला या डब्याची गरजच नाही. खरी मजा टर्बो आणि डायरेक्ट इंजेक्शनवाल्यांना.

महिन्याभराने नळ उघडा. बाहेर काय येतं? दुधाळ कॉफीच्या रंगाचा फेसाळ रस्सा! घाबरू नका. माहीत आहे का, एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं? बहुतेक सायलेन्सरमधून वाफ होऊन जातं, थोडं ब्लो-बायबरोबर खाली उतरतं आणि ऑइलशी फेटलं जातं.

म्हणून आपल्या पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीत या डब्याचा सीझन म्हणजे मंडईचा सीझन! दिवाळीनंतर गावोगाव मंडई, रात्रभर नाटक. गाडी थंडीत उभी, पहाटे गारठलेलं इंजिन चालू करायचं आणि लगेच घर. इंजिन तापतच नाही, पाणी उडत नाही, डब्यात रस्सा वाढतो. मे महिन्यात साकोलीहून नागपूरपर्यंत हायवेने जा, तोच डबा जवळजवळ शुद्ध काळं ऑइल दाखवेल.

हायवे म्हटलं की रेकॉर्ड आलाच! साकोलीवरून जाणारा हाच राष्ट्रीय महामार्ग ५३ पुढे अमरावती-अकोल्याकडे जातो. तिथे जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबरी लेन सलग टाकली गेली. गिनीज बुकात नोंद!

भंडारा पितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध, पण इंजिनाचं पितळ उघडं पाडणारं भांडं हेच. डबा भराभर भरायला लागला, निव्वळ ऑइलच येतंय, तर रिंगा गेल्याची शंका घ्या. ऑइलचं झाकण काढून धूर फसफसतो का बघायची मेकॅनिकची जुनी युक्ती आहेच. डबा तीच खबर आधी देतो, तीही मोजून.

रेसिंगमध्ये तर हा डबा नियमात बसलेला आहे. ब्रीदर उघडा असेल तर एफआयए या मोटर रेसिंगच्या जागतिक संस्थेच्या नियमानुसार दोन हजार सीसीपर्यंत किमान दोन लिटरचा कॅच टँक हवा, त्यावर तीन लिटरचा. टँक आतलं दिसेल असा. रस्त्यावर ऑइल सांडलं की मागची गाडी घसरते, म्हणून.

आणि फॉर्म्युला वनमध्ये? २०१७ मध्ये भलताच संशय : काही टीम ताकद वाढवायला ऑइलच जाळतायत! २०१८ मध्ये एफआयएने मर्यादा घातली, १०० किलोमीटरला ०.६ लिटर ऑइल. ब्रीदरचा गॅस इंजिनात परत नेण्यावरही बंदी, तो गाडीच्या मागच्या टोकाला सोडायचा. जे आपल्याला बंद, ते तिथे सक्तीचं.

डब्यातला रस्सा मात्र बांधावर किंवा बोडीत ओतू नका. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचा आकडा ऐका : एका ऑइल चेंजचं वापरलेलं ऑइल दहा लाख गॅलन, म्हणजे सुमारे ३८ लाख लिटर गोडं पाणी नासवू शकतं. मामा (माजी मालगुजारी) तलावांच्या या जिल्ह्यात त्याच पाण्यावर धान उभा असतो. बाटलीत भरा आणि गॅरेजच्या काळ्या ऑइलच्या ड्रममध्ये टाका. १ एप्रिल २०२४ पासून वापरलेल्या ऑइलच्या पुनर्वापराची जबाबदारी कायद्याने ऑइल कंपन्यांवरही आली आहे. कारण माहीत आहे का? ऑइल झिजत नाही, फक्त मळतं. शुद्ध केलं की त्याचं पुन्हा बेस ऑइल होतं, आणि कदाचित तुमच्याच पुढच्या सर्व्हिसिंगला नव्या ऑइलच्या डब्यातून परत येतं!