एक पॉट बदलायचा तर

इलेक्ट्रिक गिटारचा आवाज कमी-जास्त करताना खरखर येऊ लागली की बरेच वादक एकच उपाय करतात. नॉब दहावर नेऊन ठेवायचा आणि पुन्हा त्याला हात लावायचा नाही. गिटार वाजत राहते, कार्यक्रम निभावतो. पण वाद्याचा एक अवयव त्या दिवसापासून निकामी झालेला असतो, आणि काही महिन्यांनी तो कधी चालत होता हेही वादक विसरून जातो.

दिवाळी अंकासाठी वाद्यदुरुस्तीवर लिहा, असं संपादकांनी सांगितलं तेव्हा त्यांच्या मनात मिरजेची तंतुवाद्यं होती. मिरजेवर मराठीत भरपूर लिहिलं गेलंय आणि ते रास्तच आहे. विजेवर चालणाऱ्या वाद्यांकडे मात्र आपलं लक्ष जात नाही. गणपतीच्या मिरवणुकीतला बेंजो, हळदीच्या रात्रीचा कीबोर्ड, कॉलेजच्या स्टेजवरची गिटार, हे सगळं कुणीतरी दुरुस्त करत असतंच. त्याचा माग काढत मी गिरगावातल्या एका चाळीत पोचले. दहा बाय बाराची खोली, खिडकीपाशी टेबल, टेबलावर सोल्डरिंग आयर्न, मल्टिमीटर, राळेची डबी आणि पोट उघडून पालथी घातलेली एक गिटार. खोलीचे मालक साठीच्या पुढचे. सगळे त्यांना काका म्हणतात. वडील व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त करायचे. काकांनी रेडिओपासून सुरुवात केली, मग टीव्ही, मग ऑर्केस्ट्रावाल्यांचे अँप्लिफायर, आणि आता बहुतेक गिटार आणि बेंजो. त्यांच्या शेजारी वसईहून आलेली एक मुलगी बसली होती. कॉलेजच्या बँडमध्ये वाजवते. गिटार तिचीच होती, आणि काकांनी अट घातली होती की आवाजाच्या नॉबखालचा पॉट तिनंच बदलायचा.

अधिकृत इतिहास थोडक्यात सांगते. लीओ फेंडर हा कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावचा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. १९३८ मध्ये त्यानं तिथं रेडिओचं दुकान काढलं. तो स्वतः गिटार वाजवत नसे. १९५० मध्ये त्यानं भरीव लाकडाची इलेक्ट्रिक गिटार बाजारात आणली, तीच पुढे टेलिकास्टर झाली. १९५२ मध्ये गिब्सननं लेस पॉल आणली, १९५४ मध्ये फेंडरची स्ट्रॅटोकास्टर आली. या सगळ्या गिटारींत व्हॉल्यूमसाठी बसला तो रेडिओच्या दुनियेतला पोटेन्शिओमीटर, म्हणजे पॉट. १८९६ मध्ये ‘शिकागो टेलिफोन सप्लाय’ या नावानं सुरू झालेली कंपनी आधी टेलिफोनचे भाग बनवायची. पुढे सीटीएस या नावानं तिचे पॉट गिटारींत गेले आणि आजही जातात. त्यांच्या पाठीवर आकडे छापलेले असतात. १३७६६३३ असं लिहिलं असेल तर १३७ म्हणजे सीटीएस, ६६ म्हणजे १९६६, आणि ३३ म्हणजे त्या वर्षाचा तेहतिसावा आठवडा. जुन्या गिटारचं वय ठरवताना जाणकार आधी हा आकडा वाचतात. म्हणूनच काकांचा पहिला नियम असा की पाठीवरचा आकडा वाचल्याशिवाय आणि तारांचा फोटो काढल्याशिवाय आयर्न तापवायचं नाही.

मी मात्र गुंतले ती जुन्या, निकामी पॉटमध्ये. काकांनी डब्यातला एक उचलला, स्क्रू-ड्रायव्हरनं त्याच्या पत्र्याचे चार कान उघडले आणि टोपण काढलं. आत नालाच्या आकाराची काळी कार्बनची पट्टी. तिच्या दोन टोकांना दोन पाय. तिसरा, मधला पाय एका सरकत्या पातळ पत्र्याला जोडलेला. दांडा फिरला की हा पत्रा पट्टीवरून फिरतो, याला वायपर म्हणतात. पट्टीवर वायपर घासून घासून एक चकचकीत रेघ उमटली होती आणि तिच्या दोन्ही बाजूंना काळी पूड साचली होती. खरखर इथून येते. वायपर पट्टीवरून क्षणभर सुटतो, पुन्हा टेकतो, आणि अँप्लिफायर तेवढंच शंभरपट मोठं करून सांगतो. आपल्याकडे त्यात पावसाळ्याची भर. कोकणात, गोव्यात, मुंबईत दमट खारी हवा आणि हाताचा घाम दांड्याच्या फटीतून आत जातो.

लोक पॉटला नळासारखं समजतात, सोडला की आवाज येतो आणि बंद केला की थांबतो. मुलगीही तसंच समजत होती. काकांनी कागदावर तीन पाय काढले. पिकअपची, म्हणजे तारांचं कंपन विजेत बदलणाऱ्या भागाची, तार एका टोकाच्या पायावर. दुसऱ्या टोकाचा पाय वाकवून पॉटच्या पाठीला सोल्डर केलेला, म्हणजे अर्थला. मधल्या पायातून तार जॅककडे. वायपर पिकअपच्या टोकाला असला की सगळा सिग्नल बाहेर, अर्थच्या टोकाला आला की शून्य, मध्ये असला की वाटणी. इथवर कुणालाही पटतं. पुढचं महत्त्वाचं. नॉब दहावर असला तरी ती पूर्ण पट्टी पिकअप आणि अर्थ यांच्यामध्ये जोडलेलीच असते. तिचा रोध जितका कमी, तितका वरच्या सुरांतला तीक्ष्णपणा गळतो. म्हणून फेंडरच्या एका गुंडाळीच्या पिकअपला साधारण २५० किलोओहमचा पॉट, तर गिब्सनच्या दोन गुंडाळ्यांच्या जाड आवाजाच्या हंबकरला ५०० किलोओहमचा. पूर्ण उघडलेला पॉटसुद्धा आवाजाला रंग देत असतो.

मुलीच्या गिटारमधून निघालेल्या पॉटवर ‘बी ५०० के’ लिहिलं होतं. काका म्हणाले, “हे बघ, दोन गोष्टी चुकल्यात. तुझे पिकअप एका गुंडाळीचे, त्यांना पाचशे लावलाय. आणि हा बी आहे.” बी म्हणजे सरळ चढणारा. अर्ध्यावर फिरवला की रोधही अर्धा. आपल्या कानाचा हिशेब वेगळा आहे. आवाज दुप्पट वाटायला ताकद साधारण दहापट लागते. त्यामुळे बी पॉट दहावरून खाली आणताना आधी विशेष फरक वाटत नाही आणि शेवटी आवाज एकदम कोसळतो. ए प्रकारात पट्टी अशी बनवलेली असते की निम्म्यावर रोध एकूण रोधाच्या साधारण दहाव्या ते पाचव्या हिश्श्याइतकाच असतो. कानाला चढण एकसारखी लागते. जेफ बेक, रॉय ब्युकॅनन यांच्यासारखे वादक तार छेडताना करंगळीनं व्हॉल्यूम शून्यावर ठेवत आणि छेडल्यावर उघडत. आघात ऐकूच येत नाही, सूर गजाच्या वाद्यातून आल्यासारखा उमलतो. त्या करंगळीच्या कामाला नीट चढणारा, हलका फिरणारा पॉट लागतो. वसईची मुलगी हे जमत नाही म्हणून स्वतःच्या बोटांना दोष देत होती.

नवा पॉट आणायला आम्ही लॅमिंग्टन रोडला गेलो, म्हणजे डॉ. भडकमकर मार्गावर. सुट्या इलेक्ट्रॉनिक भागांची मुंबईतली ही मोठी पेठ. दुकानांत पॉट होते, पण बहुतेक बी, आणि दहा, पन्नास, शंभर किलोओहमचे. ‘ए २५० के’ म्हटल्यावर दुकानदार मान हलवत होते. शेवटी काकांनीच आपल्या साठ्यातला एक सीटीएस दिला. मल्टिमीटरवर तो २३१ भरला. छापील आकड्यात वीस टक्क्यांपर्यंत फरक चालतो, हे मुलीनं वहीत टिपून घेतलं.

अडचणी खऱ्या इथून सुरू झाल्या. जुना पॉट छोटा, १६ मिलीमीटरचा. त्याचं पिकगार्डमधलं भोकही लहान. सीटीएसच्या गळ्याला पावणेदहा मिलीमीटरच्या आसपास जागा हवी. ड्रिल लावलं तर प्लास्टिक तडकतं. काकांनी हातानं फिरवायचा रीमर दिला आणि दोन्ही बाजूंनी थोडं थोडं भोक मोठं करायला लावलं. मग जुना नॉब नव्या दांड्यावर बसेना. सीटीएसच्या दांड्यावर २४ बारीक दाते, जुन्या नॉबमध्ये १८. दाबून बसवला तर दांडा चिरतो. नॉबही बदलावा लागला. मग नट. तो ढिला राहिला तर नॉबबरोबर अख्खा पॉट फिरतो आणि मागच्या तारा तुटतात. गिटार बंद पडण्याचं हे नेहमीचं कारण, असं काका म्हणाले.

मग सोल्डर. पायांचं काम मुलीनं पटकन केलं. पॉटच्या पाठीनं तिला घाम फोडला. पिकअपच्या काळ्या तारा, जॅकची अर्थ, मागच्या स्प्रिंगच्या पट्टीकडून आलेली तार, सगळ्या त्याच पाठीवर जोडायच्या. हा पत्रा उष्णता पिऊन टाकतो. आयर्न कमी वॅटचं असेल तर सोल्डर वर गोळा होऊन बसतो, चिकटत नाही. घाबरून आयर्न फार वेळ टेकवलं तर आतली कार्बनची पट्टी खराब होते. म्हणजे हवं जास्त वॅटचं, रुंद टोकाचं आयर्न आणि थोडकाच वेळ. काकांनी आधी पाठ पॉलिश पेपरनं घासायला लावली, राळ लावायला लावली, आणि पाठीवर व तारेवर वेगवेगळा सोल्डर चढवून घ्यायला लावला.

“टोक तिथंच टेकव. हलवू नकोस. तापू दे... आता सोल्डर दे. आयर्नला नको गं, पत्र्याला दे. बघ, घेतलं त्यानं. आता सोड, आणि तार हलू देऊ नकोस.”

सोल्डर पसरला, पाठीवर सपाट बसला आणि थंड होताना चकाकत राहिला. आधीचा एक जोड मळकट आणि दाणेदार दिसत होता. काकांनी तो परत करायला लावला. कच्चा जोड आज वाजतो आणि स्टेजवर दगा देतो.

तपासायची पद्धत सोपी आहे आणि प्रत्येक गिटारवाल्याला यायला हवी. जॅकमध्ये केबल लावायची आणि दुसऱ्या टोकाला मल्टिमीटर धरायचा. नॉब दहावर असताना पिकअपचा रोध दिसतो, त्यांच्या जातीप्रमाणे साधारण सहा-सात किलोओहम. शून्यावर जवळजवळ शून्य. टोकाच्या दोन पायांची अदलाबदल झाली असेल तर नॉब उलटा चालतो. मग अँप्लिफायर लावायचा. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी झाली तर स्प्रिंगकडची अर्थ नीट आहे. तारांना हात लावूनही ती तशीच राहिली किंवा वाढली तर जोड तपासायचे. इथं काका गंभीर झाले. घराच्या वायरिंगलाच अर्थिंग नसेल तर गिटार कितीही नीट जोडली तरी वादक सुरक्षित नाही. एका हातात तारा आणि ओठाजवळ माइक, अशा स्थितीत विजेचा झटका बसू शकतो. जुन्या चाळींत आणि मंडपांत हा धोका खरा आहे. गिटार दुरुस्त करून देताना ते गिऱ्हाइकाला घरच्या प्लगचा तिसरा पाय तपासून घ्यायला सांगतात.

एक अडचण शेवटपर्यंत उरली. नॉब सातवर आणला की आवाजाची धार जाते. वायपरच्या अलीकडचा रोध आणि केबलची धारिता, मीटरमागे साधारण १०० पिकोफॅरड, मिळून वरचे सूर अडवतात. पहिल्या आणि मधल्या पायांमध्ये ०.००१ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर लावला तर ते सूर वाट काढतात. पण मग कमी व्हॉल्यूमवर आवाज पातळ वाटतो, म्हणून त्याच्याबरोबर एक रोधही लावतात, आणि तो किती लावायचा हे ज्याच्या त्याच्या कानावर. काकांनी उत्तर दिलं नाही. दोन कॅपॅसिटर आणि तीन रोध हातात ठेवले आणि घरी जाऊन ऐकून ठरव म्हणाले.

मला काळजी वाटते ती वेगळीच. काही गिटारींत आता सुट्या तारांऐवजी छापील सर्किटचे बोर्ड आणि खटक्यात बसणारे जोड येतात. ते जलद आहेत, पण एक पॉट गेला की अख्खा बोर्ड बदलायची पाळी येते आणि वाजवणाऱ्याला आपल्या वाद्याच्या आत काय चाललंय ते कळत नाही. सतार किंवा तंबोरा शिकणारा जवारीबद्दल ऐकून असतो, काही जण ती लावायलाही शिकतात. गिटारचा विद्यार्थीही आपल्या वाद्याच्या इतक्याच जवळ जाऊ शकतो. मुंबई, पुणे, पणजी इथल्या गिटार क्लासांनी स्केल आणि कॉर्डबरोबर वर्षातून एक दिवस सोल्डरिंगचं टेबल मांडावं, एका स्वस्त गिटारचा पॉट सगळ्यांकडून काढून घ्यावा आणि परत बसवून घ्यावा. सातवरचा आवाज जाड आहे की पातळ, हे ऐकून ठरवता येणारा विद्यार्थी पुढे वाजवतानाही नॉबला हात घालायला कचरणार नाही.