तांड्याची बोली, दुकानाची बरकत

हिंगोली जिल्ह्यात कापडाचा धंदा करणाऱ्याला उर्दू आणि मराठी आली म्हणजे झाले, असा आपला समज असतो. मी दुकानावर बसू लागलो तेव्हा माझाही हाच समज होता. तांड्यांवरून बंजारा गिऱ्हाईक येते. ते आपल्याशी मराठीत किंवा दखनीत बोलते, आपसात मात्र गोरमाटीत. सौदा करायचा की उठायचे, हे या दुसऱ्या बोलण्यात ठरते आणि आपण नुसते तोंडाकडे पाहत राहतो.

एकदा एक सासू-सून फेटियासाठी, म्हणजे घेरदार घागऱ्यासाठी, कापड पाहत होत्या. दोघी बराच वेळ आपसात बोलल्या. मला वाटले, भाव जास्त वाटतो. मी मीटरमागे दोन रुपये कमी केले, तरी त्या उठून गेल्या. दुकानातला तांड्याचा पोरगा नंतर म्हणाला, "शेठ, त्या भावाचं बोलतच नव्हत्या. पन्ना लहान आहे, घेराला जोड द्यावा लागेल, असं म्हणत होत्या." मोठ्या पन्न्याचे थान माझ्या मागच्या फळीवरच पडले होते! त्या दिवसापासून मी वहीच्या शेवटच्या पानांवर उर्दू अक्षरांत गोरमाटी शब्द लिहायला सुरुवात केली.

ही बोली आपल्याला वाटते तितकी अवघड नाही. ती राजस्थानी बोलींच्या जवळची आहे. आपण 'है' म्हणतो तिथे ते 'छ' म्हणतात. सुरतेला माल आणायला जाणाऱ्यांना गुजरातीतले 'छे' ठाऊक असतेच. आईला 'याडी', भाकरीला 'बाटी'. स्वतःला ते 'गोर' म्हणतात आणि बाहेरच्याला 'कोर'. या बोलीला स्वतःची लिपी नाही. महाराष्ट्रात ती देवनागरीत लिहितात, तेलंगणात तेलुगू लिपीत.

शब्दांबरोबर रीतही शिकावी लागते. तांड्यात नायक आणि कारभारी यांचा मान मोठा. ते दुकानात आले तर आधी पाणी, मग माल. केसांतली घुगरी-टोपली ही सवाष्णीची खूण आहे. ती दिसली नाही तर घरधन्याची चौकशी करू नये. श्रावणात तीज येते. कुमारिका टोपल्यांत गहू पेरतात, पाणी घालून वाढवतात आणि गाणी म्हणतात. होळीला लेंगी गातात. या दोन सणांच्या आधी माल भरून ठेवावा. अनेक कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. निघताना मुकादमाची उचल हातात असते, परतल्यावर हिशेब होतो. मधल्या महिन्यांत उधारीचा तगादा लावणारा व्यापारी गिऱ्हाईक गमावतो.

हे लोक मुळात आपल्यासारखेच तिजारतवाले होते. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून त्यांचे तांडे मोगल फौजांना रसद पोचवीत. रेल्वे आली आणि तो धंदा बसला. पुढे इंग्रजांनी 1871 च्या कायद्याने अनेक भटक्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा 1952 साली रद्द झाला. महाराष्ट्रात बंजारा समाज आजही विमुक्त जातींत मोडतो. ज्यांच्याकडे पिढ्यानपिढ्या संशयाने पाहिले गेले, त्यांच्याशी त्यांच्या बोलीत दोन शब्द बोलले तर चेहरा कसा उजळतो, हे मी पाहिले आहे. संशयाच्या नजरेचा अनुभव आपल्यालाही नवा नाही.

बाजार आणि बोली यांचे नाते जगभर असेच आहे. आफ्रिकेतील सेनेगाल हा बहुसंख्य मुस्लिम देश. तिथे वोलोफ जमातीचे लोक निम्म्याहून कमी, पण बाजारात वोलोफ बहुतेक सर्वांना येते. सोमवारला ते 'अल्तिने', मंगळवारला 'तलाता' म्हणतात. अरबीचे कायदे वाचलेल्याला हे लगेच उमगेल. पण हिशेबात गंमत आहे. वोलोफमध्ये पैसे पाच फ्रँकच्या 'देरेम'मध्ये मोजतात. दुकानदार 'तेमेर', म्हणजे शंभर म्हणाला तर 500 फ्रँक द्यायचे! नुसते शब्द शिकून मोजण्याची रीत न शिकणारा तिथे फसणारच.

हुजूर (स.) यांनी हजरत जैद बिन साबित (रजि.) यांना यहुद्यांची भाषा शिकायला सांगितले होते आणि त्यांनी ती थोड्याच दिवसांत शिकून घेतली. तेव्हा परकी भाषा शिकणे ही आपल्याकडे कमीपणाची बाब कधीच नव्हती.

काहीजण म्हणतील, आता तांड्यातल्या सुना साडी आणि ड्रेस घालतात, पोरे मराठी शाळेत जातात, मोबाईलवर कपडे मागवतात, मग गोरमाटी शिकून काय उपयोग? गोष्ट खरी आहे. फेटिया-कांचळी आता बहुधा लग्नात आणि तीजेला निघते. पण मोबाईलवाला याडीची तब्येत विचारत नाही आणि ऊसतोडीहून परतेपर्यंत थांबतही नाही. लहान दुकानदाराजवळ तेवढेच भांडवल उरले आहे.

म्हणून व्यापारी बांधवांनो, आधी वीस शब्द शिका: मोजणी, रंग, माप, नातीगोती. म्हाताऱ्या माणसांकडून शिका. चुकलात तर ते हसतील, तुम्हीही हसा, पण त्यांच्या बोलण्याची नक्कल करू नका. आणि बोली आली म्हणून मापात खोट करू नका. गोड बोलून फसवणाऱ्याची गोष्ट एका बाजारात साऱ्या तांड्यांत पोचते. रोजी देणारा अल्लाह आहे. गिऱ्हाइकाचे म्हणणे नीट ऐकून घेणे आपल्या हातात आहे.