थंडी सरता सरता गिधाडं बघायला

आंब्याला मोहोर आलाय, पहाटे अजून गोधडी सोडवत नाही. गिधाडं बघायची तर हेच दिवस.

आपल्या रायगडात म्हसळा तालुक्यातल्या चिरगाव भागात पांढऱ्या पाठीची गिधाडं उंच झाडांवर घरटी करतात. दिवाळीच्या आगंमागं मादी एकच अंडं घालते. नर-मादी दोघंही आळीपाळीनं उबवतात (हे ऐकून आमच्या बैठकीत बराच हशा झाला). फेब्रुवारीत पिल्लू घरट्यातून मान काढून बघताना दिसतं.

फार पहाटे जायची घाई नको. गिधाड जड पक्षी, पंख पसरले की साडेसहा फुटांच्या आसपास भरतात. ऊन तापून हवा वर चढायला लागली की त्या हवेवर ते तरंगतं, पंख फारसे हलवतच नाही. म्हणून नऊ-दहाच्या सुमारास मोकळ्या जागी बसा आणि वर बघा. घारीची शेपटी दुभंगलेली असते, गिधाडाची आखूड. मोठ्या गिधाडाच्या पंखाखाली पुढच्या बाजूला पांढरा पट्टा दिसतो. लहान वयाचं असेल तर नुसतं तपकिरी. घरट्याच्या झाडाखाली मात्र जायचं नाही. आईबाप उडाले तर पिल्लू उघडं पडतं.

पूर्वी मेलेलं ढोर गावाबाहेर टाकलं की थव्यानं गिधाडं उतरायची, हे आपल्या सासवांनी पाहिलंय. मग ती गेली कुठं? 2004 साली शास्त्रज्ञांनी कारण शोधलं: गुरांना दुखण्यावर, सुजेवर देतात ते डायक्लोफिनॅक. टोचल्यावर थोड्या दिवसांत जनावर मेलं आणि गिधाडानं ते खाल्लं, तर गिधाडाची मूत्रपिंडं निकामी होतात. 2006 मध्ये सरकारनं गुरांसाठी हे औषध बंद केलं. तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात येतच राहिल्या, म्हणून 2015 मध्ये माणसांचं इंजेक्शनही 3 मिलिलिटरच्या एकाच मात्रेत आणलं. 2023 मध्ये किटोप्रोफेन आणि असिक्लोफिनॅक यांवरही गुरांसाठी बंदी आली.

आता आपल्या गटाचं सांगतो. कर्ज काढून घेतलेली एकीची गाय लंगडायला लागली. इंजेक्शन द्यायला आलेल्याची बाटली आम्ही हातात घेऊन वाचली, तर डायक्लोफिनॅक! तो म्हणाला, "स्वस्त पडतं, ताई." गायवाली रडकुंडीला आलेली, तिला गाय उभी राहायला हवी होती, गिधाडाचं काय पडलंय? तिचंही चुकत नव्हतं. आम्ही पशुवैद्यकीय दवाखान्यात फोन लावला. तिथून मेलॉक्सिकॅम मिळालं. दुखण्याला तेही चालतं, आणि गिधाडाला बाधत नाही.

तेव्हापासून गोठ्यात इंजेक्शन येईल तेव्हा आम्ही आधी बाटली मागून घेतो. वाचता येत नसेल तर शाळेतल्या पोरीला हाक मारतो. आणि टोचलेलं जनावर दगावलंच, तर उघड्यावर न टाकता खोल खड्ड्यात पुरतो.

गाय बरी आहे, दूध देते. पुढच्या रविवारी गायवालीही आमच्याबरोबर गिधाडं बघायला येतेय.