काट्यावरची भरती-ओहोटी

नरपडहून तपासणीला येणाऱ्या एका ताईंना दीड वर्षापूर्वी मधुमेहाचं निदान झालं. वय ४६, उंची पाच फूट एक इंच, वजन ७४ किलो. बाहेर रांग वाढत होती. सरकारी दवाखान्यात अशा वेळी डॉक्टर जे करतो तेच मी केलं, दोन वाक्यांत सल्ला दिला : "भात निम्मा करा, रोज अर्धा तास चाला. वजन कमी झालं पाहिजे."

ताई जिद्दीच्या. दुसऱ्याच दिवसापासून पहाटे सुरूच्या बनातून किनाऱ्यावर उतरायला लागल्या. ओहोटी असली की नरपडची ओली वाळू घट्ट आणि सपाट असते, चालायला याहून चांगली जागा शोधून सापडायची नाही. मुलाने हौसेने वजनकाटाही आणून दिला. पहिल्या आठ दिवसांत दोन किलो उतरले. घरात कौतुक झालं. तिसऱ्या आठवड्यात भाच्याच्या हळदीला आणि लग्नाला जाऊन आल्या, तर दुसऱ्या दिवशी काट्याने दीड किलो जास्त दाखवले. पुढचे चार दिवस आकडा जवळपास तिथेच. पाचव्या दिवशी चालणं थांबलं, आठवड्याभरात भातही पूर्वीइतका झाला.

माझ्याकडे त्या पाच महिन्यांनी आल्या. उपाशीपोटीची साखर पहिल्यापेक्षा वाढलेली होती. "डॉक्टर, माझ्या अंगाला चालणं मानवत नाही. चाललं की वजन उलट वाढतं," त्या म्हणाल्या.

चूक त्यांची नव्हती. वजन कमी करा, एवढंच मी सांगितलं होतं. आहार बदलला आणि व्यायाम सुरू केला की वजन कसं वागतं, हे सांगायला मी वेळ दिला नव्हता. त्या दिवशी तो दिला. तेच आज इथे मांडतो, कारण तिसऱ्या आठवड्यात काट्यावर रुसून घरी बसणारे मला दर महिन्याला भेटतात.

एका रात्रीत दीड किलो चरबी?

आधी साधा हिशेब करू. शरीरातली एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. तांदळाच्या एका भाकरीत अंदाजे दीडशे ते दोनशे कॅलरी असतात. म्हणजे एक किलो चरबी वाढायची, तर रोजच्या गरजेपेक्षा चाळीस-पन्नास भाकऱ्या जास्त खायला हव्यात. लग्नाच्या पंगतीत कुणी मनापासून जेवलं आणि हजारभर कॅलरी जादा गेल्या, तरी त्यातून फार तर १३० ग्रॅम चरबी तयार होईल. मग काट्यावर दिसणाऱ्या दीड किलोतलं उरलेलं वजन कशाचं?

ते मुख्यतः पाण्याचं. थोडं पोटात अजून असलेल्या अन्नाचं आणि मळाचं.

पाणी कुठे साठतं?

पहिली जागा म्हणजे यकृत आणि स्नायू. भात-भाकरीतली जास्तीची साखर शरीर तिथे ग्लायकोजेनच्या रूपात ठेवतं. हा साठा साधारण अर्धा किलो असतो आणि त्यातल्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. भात निम्मा केला की पहिल्या आठवड्यात हा साठा घटतो आणि त्याचं पाणी लघवीवाटे निघून जातं. ताईंचे पहिले दोन किलो बहुतेक याच पाण्याचे होते. लग्नात भात, पुरी, गोड खाल्लं, साठा पुन्हा भरला आणि पाणीही परत आलं. पहिल्या आठवड्यातली शाबासकी आणि तिसऱ्या आठवड्यातली निराशा, दोन्ही मुख्यतः पाण्यावरच खर्च झाली.

दुसरं कारण मीठ. सलाईनची एक लिटरची बाटली सर्वांनी पाहिली आहे. तिच्यात नऊ ग्रॅम मीठ असतं, कारण आपल्या रक्ताचा खारटपणा साधारण तेवढाच असतो. शरीर हा खारटपणा काटेकोरपणे जपतं. जादा मीठ पोटात गेलं की तहान लागते आणि ते मीठ बाहेर पडेपर्यंत त्याच्या प्रमाणात पाणी अंगात राहतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे. आमच्या किनारपट्टीवर खारवलेली मासळी, पापड आणि लोणचं एका ताटात आलं, तर ही मर्यादा दुपारच्या जेवणातच संपते. मूत्रपिंडं चांगली असतील, तर दोन-तीन दिवसांत जादा मीठ आणि पाणी निघून जातं.

तिसरं कारण म्हणजे व्यायामच. बऱ्याच वर्षांनी चालायला लागलेल्या माणसाच्या पोटऱ्या-मांड्या दुखतात. स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते, ती भरून काढताना तिथे थोडी सूज येते, म्हणजे पाणीच साठतं. शिवाय नियमित व्यायामाने रक्तातला द्रवभाग वाढतो आणि स्नायू जास्त ग्लायकोजेन साठवायला शिकतात. या चांगल्या बदलांचंही वजन काट्यावर येतं. सुरुवातीच्या आठवड्यांत काटा थोडा वर जाणं हे कित्येकदा शरीर व्यायामाला तयार होत असल्याचं लक्षण असतं.

स्त्रियांमध्ये पाळीच्या आधीच्या दिवसांत एक-दोन किलो पाणी अंगात राहू शकतं. बद्धकोष्ठता असली तरी आकडा वर जातो. उलट मे महिन्यात तासभर चालून आल्यावर अर्धा किलो कमी दिसतं, तो सगळा घाम असतो. दोन तांबे पाणी प्यायलं की तो भरून निघतो आणि निघायलाच हवा. घाम गाळून वजन उतरवायला अंगावर प्लॅस्टिक गुंडाळून धावणारे तरुण मी पाहिले आहेत. त्याने चरबी जळत नाही, ऊष्माघाताचा धोका मात्र वाढतो.

चारशे वर्षांपूर्वीची खुर्ची

रोजच्या वजनाचा हा लपंडाव माणसाला पूर्वीपासून चकवत आला आहे. इटलीतल्या पाडुआचे वैद्य सँक्टोरियस यांनी तराजूला टांगलेली एक खुर्ची करून घेतली होती. तिच्यात बसून त्यांनी अनेक वर्षं स्वतःचं, पोटात गेलेल्या अन्नपाण्याचं आणि मलमूत्राचं वजन केलं आणि १६१४ साली त्यावर ग्रंथ छापला. खाल्लेल्या-प्यायलेल्याचा बराच भाग मलमूत्रात सापडत नाही, तो त्वचेतून आणि श्वासातून नकळत निघून जातो, हे त्यांनी मोजून दाखवलं. वजन दिवसभर हलतच राहतं, हे तेव्हापासून आपल्याला ठाऊक आहे. घरोघरी काटे आले आणि आपण ते विसरलो.

रोज चाळीस ग्रॅम

आता मुख्य गोष्ट. रोजची एक भाकरी किंवा तेवढा भात कमी केला आणि अर्धा तास भरभर चाललं, तर साधारण ३०० कॅलरींची बचत होते. (दोन मोठे चिकू म्हणजेही जवळपास एक भाकरी, हे आमच्या डहाणू-घोलवडच्या बागायतदारांनी राग न मानता लक्षात ठेवावं.) ३०० कॅलरी म्हणजे दिवसाला सुमारे चाळीस ग्रॅम चरबी. घरगुती काटे बहुधा शंभर ग्रॅमच्या टप्प्याने मोजतात आणि पाण्यामुळे वजन दिवसाला किलोभर वर-खाली होतं. या हेलकाव्यात चाळीस ग्रॅम कसे दिसणार? पण दहा आठवड्यांत त्याचेच पावणेतीन किलो होतात, आणि ते दिसल्याशिवाय राहत नाहीत.

नरपडच्या माणसाला हे समजावणं सोपं आहे. लाट पुढे आली म्हणून भरती लागली, असं किनाऱ्यावर कुणी म्हणत नाही. पाण्याची रेघ कुठे सरकते आहे हे बघत थोडा वेळ थांबावं लागतं.

पुढे वजन कमी होण्याचा वेगही मंदावतो. शरीर हलकं झालं की त्याची गरज थोडी घटते. तेव्हा आहार आणि व्यायामाचा हिशेब नव्याने मांडावा. उपास वाढवत जाऊ नये. उपाशी राहून उतरलेल्या वजनात स्नायूही जातात. डाळ, कडधान्यं, अंडी, मासे ताटात हवेतच.

काटा जे सांगत नाही

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात स्वतःचीच गोष्ट छायाचित्रासह प्रसिद्ध केली. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, अगदी सारखा होता : २२.३. मात्र युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के होती आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. सडपातळ दिसणाऱ्या भारतीयाच्या अंगात चरबी लपलेली असू शकते, हे त्या एका छायाचित्राने जगाला दाखवलं. म्हणूनच आपल्यासाठी कमरेचा घेर महत्त्वाचा मानतात : पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत.

दुसरं उदाहरण चेन्नईचं. डॉ. ए. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ जणांचा अभ्यास केला, तो २००६ साली प्रसिद्ध झाला. नुसत्या प्राथमिक सल्ल्यावर सोडलेल्या गटात तीन वर्षांत ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला. आहार आणि व्यायामाचा पाठपुरावा केलेल्या गटात तोच आकडा ३९ टक्के राहिला. विशेष म्हणजे या दुसऱ्या गटाचं सरासरी वजन फारसं कमी झालंच नव्हतं. काटा जवळपास हलला नाही, तरी कित्येकांचा मधुमेह टळला. चालणारा स्नायू रक्तातली साखर ओढून घेतो, आणि त्यासाठी आधी वजन उतरण्याची वाट पाहत नाही.

पालघर जिल्ह्यात काम करणाऱ्या डॉक्टरला याची उलटी बाजूही दिसते. कुपोषणाने अंगावर सूज आलेलं मूल दाखल होतं. उपचार लागू पडला की पहिल्या काही दिवसांत त्याचं वजन घटतं आणि आई घाबरते. खरं तर सूज उतरत असते, मूल सुधारत असतं. खरी वाढ त्यानंतर सुरू होते. आकडा एकच, पण त्याचा अर्थ माणूस पाहूनच लावावा लागतो.

वजन कसं करावं?

आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी. सकाळी उठल्यावर, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी, हलक्या कपड्यांत. काटा एकच असावा आणि टणक, सपाट फरशीवर ठेवावा, चटईवर नको. आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहावा आणि तुलना चार आठवड्यांपूर्वीच्या आकड्याशी करावी. पाळी येणाऱ्या स्त्रियांनी मागच्या महिन्यातल्या त्याच टप्प्याशी ताडून पाहावं. रोज वजन करायची सवय असेल, तर सात दिवसांची सरासरी काढावी. रोजच्या आकड्याने ज्यांचा दिवस बिघडतो, त्यांनी काटा माळ्यावर ठेवला तरी चालेल. महिन्यातून एकदा बेंबीच्या पातळीवर टेपने कंबर मोजावी.

मधुमेहाची किंवा रक्तदाबाची औषधं सुरू असतील, तर आहार-व्यायाम बदलण्याआधी डॉक्टरांना सांगावं. जेवण कमी केलं आणि गोळ्या किंवा इन्सुलिन तेवढंच राहिलं, तर साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. काही औषधांनी वजन वाढतंही, पण ती परस्पर बंद करू नयेत.

काट्याचं ऐकायलाच हवं तेव्हा

प्रत्येक चढ-उतार निरुपद्रवी नसतो. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले आणि सोबत पायावर सूज, चालताना किंवा आडवं झाल्यावर धाप असेल, तर हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असू शकतो. त्याच दिवशी दवाखाना गाठावा. आहार न बदलता वजन उतरत असेल, तर आनंद मानू नये. मधुमेह, थायरॉइड, कर्करोग आणि आपल्या भागात विशेष करून क्षयरोग, यांची तपासणी व्हायला हवी. दोन आठवड्यांहून जास्त खोकला आणि घटतं वजन असेल, तर थुंकी तपासून घ्यावी. सरकारी केंद्रात ही तपासणी मोफत होते. वजन सतत वाढतच असेल, सोबत थकवा आणि थंडी सहन न होणं असेल, तर थायरॉइडची चाचणी करावी.

ताईंनी पुन्हा चालायला सुरुवात केली, त्याला आता वर्ष होत आलं. या वेळी त्यांना मी वजनाचं लक्ष्य दिलंच नाही. आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास चालायचं, रात्रीच्या भाताची एक वाटी, आणि दर तीन महिन्यांनी सरासरी साखरेची चाचणी. मागच्या खेपेला वजन ७१ किलो होतं, म्हणजे वर्षभरात जेमतेम तीन किलो उतरले. पण सरासरी साखर आटोक्यात आली आहे आणि गोळीचा डोस वाढवावा लागलेला नाही. मध्ये दिवाळीत काटा पुन्हा वर गेला होता. "मग काय केलंत?" मी विचारलं.

"काही नाही. दुसऱ्या दिवशी चालायला गेले," त्या म्हणाल्या.