मोत्याचा शिंपला आणि शेतातली माती



या पानावर आम्ही नेहमी लागण, खोडवा, खताचे हप्ते यांवर लिहितो. या खेपेला एका शिंपल्यावर लिहीत आहोत. "ऊस सोडून साहेब नदीत कशाला उतरले?" असे कोणी विचारील. पण हा शिंपला मरतो आहे तो बराचसा शेतातून गेलेल्या मातीने आणि खताने. म्हणून विषय आपल्याच पानाचा.

स्कॉटलंड, आयर्लंड, नॉर्वे, जर्मनी अशा देशांतल्या थंड, नितळ नद्यांत गोड्या पाण्यातला मोती-शिंपला राहतो. लांबी 12 ते 15 सेंटिमीटर, आयुष्य मात्र शंभर वर्षांच्या वर. एक मोठा शिंपला दिवसाला 50 लिटरपर्यंत पाणी गाळतो. हजारो शिंपले फोडावेत तेव्हा कुठे एखादा चांगला मोती मिळायचा, तरी माणसाची हाव सुटली नाही. ब्रिटनमध्ये 1998 साली त्याला पूर्ण संरक्षण मिळाले. त्यानंतरही चोरून शिंपले फोडणारे होतेच.

पण नुसत्या कायद्याने तो सावरला नाही. कारण त्याच्या जन्माच्या रीतीत आहे. मादी उन्हाळ्यात लाखो सूक्ष्म पिले पाण्यात सोडते. बहुतेक वाहून जातात. जी सामन किंवा ट्राउट माशाच्या कल्ल्याला चिकटतात तीच तगतात. माशाला फारसा त्रास न देता तिथे हिवाळा काढायचा, मग गळून नदीतळाच्या खडीत शिरायचे आणि चार-पाच वर्षे गाडून राहायचे. खडीच्या फटींतून ताजे पाणी खेळले तर पिलू जगते. गाळाने फटी बुजल्या की ते गुदमरते. नत्र-स्फुरद वाहून आले की शेवाळ माजते, ते कुजून थर बसतो, परिणाम तोच. चिबड रानात उसाची मुळी गुदमरते, तसेच म्हणा ना.

मोठा शिंपला बराच काळ सोसतो, म्हणून नदी वरून भरलेली दिसते. नीट पाहिले तर सगळे म्हातारे. युरोपातल्या कित्येक नद्यांत कैक दशके नवे पिलू जगलेलेच नाही. खोडव्यावर खोडवा घेत जावे आणि नवी लागण करूच नये, तशी गत.

जर्मनीतल्या लुटर या छोट्या नदीवर लोकांनी हात टेकले नाहीत. येणाऱ्या चरांवर गाळ अडवणारे खड्डे केले, माशांच्या कल्ल्यांवर पिले चिकटवून मासे नदीत सोडले. तेथे लहान शिंपले पुन्हा दिसू लागले. आयर्लंडात 2018 साली सुरू झालेल्या योजनेत आठ नद्यांच्या पाणलोटातल्या शेतकऱ्यांच्या रानांना गुण दिले गेले. गवताचे आच्छादन कसे, चरातून काय वाहते, हे पाहून जितके गुण जास्त तितकी रक्कम जास्त. नोटिसा काढण्यापेक्षा ही तऱ्हा आम्हाला पटली. शेतकऱ्याने नदी राखायची तर त्याच्या पदरात काही पडायला नको का?

कृष्णा, भीमा, गोदावरीतले शिंपले वेगळ्या जातींचे, वेगळ्या कुळातले. त्यांच्याही पिलांना मासा लागतो. उसाला पाट फोडून पाणी सोडायचे आणि वर युरिया फेकायचा, यात पैसा ओढ्याला जातो आणि ओढा नासतो. युरिया मातीआड करा, पाचट पेटवू नका, ओढ्याकडच्या बांधावर चार हात गवत राहू द्या. आणि हे फक्त सभासदांना सांगून भागणार नाही. साखर कारखान्याचे सांडपाणी नदीत गेले तर पाण्यातला प्राणवायू संपतो. तो हिशेब कारखानदारीनेच द्यायचा आहे.

मार्च-एप्रिलात पाणी उतरले की आपल्या रानाशेजारच्या ओढ्यात उतरून पाहा. लहान शिंपले किती, मोठे किती, मोजून होते तिथे परत ठेवा आणि आकडा गट ऑफिसात कळवा. आम्ही वहीत गाववार नोंद घेऊ.