लेखणीचा सत्कार कशासाठी?

अमेरिकेतील वृत्तपत्रीय स्तंभलेखकांनी १९७७ साली आपली राष्ट्रीय संघटना स्थापन केली. दरवर्षी अधिवेशन भरवायचे आणि उत्तम स्तंभलेखकांना गौरवायचे, असा तिचा परिपाठ. शाल, श्रीफळ आणि टाळ्या आपल्याकडेही कमी नाहीत. मग त्या पुरस्कारांची दखल आम्ही का घ्यावी? ते ज्यांच्या नावाने दिले गेले, त्या माणसांसाठी!

जीवनगौरव पुरस्कार अर्नी पाइल यांच्या नावाचा. दुसऱ्या महायुद्धात सेनापतींच्या तंबूत न रमता ते चिखलातल्या साध्या शिपायाबरोबर राहिले. त्याच्याविषयीच लिहीत गेले. १९४४ साली पुलित्झर मिळाले, तरी ते रणांगणावर परतले. १८ एप्रिल १९४५ रोजी इए शिमा बेटावर जपानी गोळीने त्यांचा बळी घेतला. तोच दिवस संघटनेने स्तंभलेखक दिन ठरवला.

मानवतावादी पुरस्कार विल रॉजर्स यांच्या नावाचा. ते चेरोकी वंशाचे. ज्या समाजातील हजारो माणसांना १८३८-३९ मध्ये सरकारी फौजेने मायभूमीतून हुसकावले, त्याच समाजाच्या लेकराचा स्तंभ पुढे शेकडो वृत्तपत्रांनी छापला! या पुरस्काराला नुसती शैली पुरत नाही. लेखनाने लोकांचे प्रत्यक्ष भले झालेले दिसावे लागते.

ही कसोटी आम्हाला मोलाची वाटते. लेखक कोणाच्या पंगतीला बसला, यापेक्षा तो कोणाच्या बाजूने उभा राहिला, हे विचारले पाहिजे. ज्याच्यासाठी लिहिले त्याच्या दारापर्यंत शब्द पोहोचलाच नाही, तर ती शाल कोणाला ऊब देणार?